शब्दचर्चा : निर्वाचक मंडळ, तिसरा पक्ष आणि ‘मतं खाणे’

प्रश्न

नमस्कार मंडळी. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवरचा एक लेख मराठीत आणते आहे, तीन शब्दांशी अडले आहे. लोकांनी निवडलेले जे प्रतिनिधी मग अध्यक्ष निवडतात, त्या ‘इलेक्टोरल कॉलेज’ला निर्वाचन मंडळ म्हणावं, निर्वाचक मंडळ की निर्वाचकगण? दोन मोठ्या पक्षांबाहेरच्या ‘थर्ड पार्टी’साठी एका जुन्या भाषांतरात ‘त्रयस्थ पक्ष’ दिसलं, ते चालेल का? आणि स्वतः न जिंकता दुसऱ्याला पाडतो म्हणून तिथे ‘स्पॉयलर’ म्हणतात त्या उमेदवाराला मराठीत काय म्हणायचं?

प्रतिसाद

ताई, ‘त्रयस्थ’ आधी खोडा. त्रयस्थ म्हणजे भांडणात ज्याचं काही अडकलेलं नाही असा माणूस. भावाभावांच्या वाटणीत मध्यस्थीला बोलावतात तो. निवडणुकीला उभा राहून मतं मागणारा त्रयस्थ कसा असेल? ‘तिसरा पक्ष’ साधा आहे आणि पुरेसा आहे.

‘निर्वाचकगण’ शब्द म्हणून शुद्ध आहे, पण महाराष्ट्रात एक अडचण आहे. पंचायत समितीच्या मतदारसंघाला सरकारी कागदावर ‘निर्वाचक गण’च म्हणतात. जिल्हा परिषदेचा गट, पंचायत समितीचा गण हे गावात पोरासोरांनाही ठाऊक असतं. तुमच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर अमेरिकेऐवजी तालुका उभा राहील. ‘निर्वाचन’ म्हणजे निवडण्याची क्रिया आणि ‘निर्वाचक’ म्हणजे निवडणारा. इथे निवडणाऱ्या माणसांविषयी बोलायचं आहे, म्हणून माझं मत ‘निर्वाचक मंडळ’ला.

तरीही ‘मंडळ’ या शब्दापाशी एक ओळ खुलासा द्याच. मंडळ म्हटलं की माणसं एका खोलीत बसलेली दिसतात. हे ५३८ निर्वाचक कधीच एकत्र येत नाहीत. डिसेंबरात ते आपापल्या राज्याच्या राजधानीत जमतात, मत देतात आणि घरी जातात. मूळ राज्यघटनेच्या कलमात ‘इलेक्टोरल कॉलेज’ ही जोडी नाहीच, फक्त ‘इलेक्टर्स’ आहेत. खरं तर ही पन्नास राज्यं आणि राजधानीचा जिल्हा मिळून ५१ वेगवेगळी मंडळं आहेत. मेन आणि नेब्रास्का सोडले तर सगळीकडे राज्यात जो पहिला येईल त्याच्या पदरात त्या राज्याचे सगळे निर्वाचक पडतात. दुसऱ्याला शून्य, तिसऱ्यालाही शून्य. तिसऱ्या पक्षाची कोंडी होते ती या नियमाने. भाषांतरात हे निसटलं तर पुढचा सगळा लेख अधांतरी राहील.

प्रतिसाद

म्हणजे तिसऱ्या पक्षाला मतं कमी पडतात म्हणून तो हरतो, असं नाही का?

प्रतिसाद

मतं कमी पडतातच, पण ती कुठे पडतात यावर जास्त अवलंबून असतं. १९९२ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांबाहेरच्या रॉस पेरोला सुमारे १ कोटी ९७ लाख मतं मिळाली, जवळजवळ १९ टक्के. निर्वाचक मिळाला नाही, एकही. मेनमध्ये तो थोरल्या बुश यांच्या पुढे होता, युटामध्ये क्लिंटन यांच्या पुढे, पण दोन्हीकडे दुसराच. १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेसला साडेतेरा टक्के मतं होती आणि निर्वाचक ४६, कारण दक्षिणेतली पाच राज्यं त्याने सरळ जिंकली.

याहून बोलका दाखला १९४८ चा. स्ट्रॉम थरमंड आणि हेन्री वॉलेस (हा वेगळा वॉलेस) या दोघांनाही साडेअकरा लाखांच्या वर, जवळजवळ सारखीच मतं पडली. थरमंडला ३९ निर्वाचक, वॉलेसला शून्य. आपण पटकन म्हणतो की एकाची मतं एकगठ्ठा होती, दुसऱ्याची विखुरलेली. ते अर्धंच खरं आहे. वॉलेसचीही निम्म्याच्या आसपास मतं एकट्या न्यूयॉर्क राज्यातली होती, पण तिथे तो तिसरा आला. आणि थरमंडने जी चार राज्यं जिंकली, तिथे मतपत्रिकेवर डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार म्हणून नाव त्याचंच होतं, देशभरातले पक्षाचे उमेदवार ट्रूमन यांचं नव्हे. म्हणजे देशाच्या हिशेबात तो तिसरा असला तरी त्या चार राज्यांत तो तिसरा नव्हताच. त्यामुळे ताई, ‘एकगठ्ठा मतं’ वापरा, पण जपून. आपल्याकडे त्या शब्दाला जातीची किंवा वस्तीची छटा आहे, इथे प्रश्न राज्याच्या सीमेचा आहे.

प्रतिसाद

आणि स्पॉयलरला ‘मतं खाणारा’ चालेल ना? आमच्याकडे दर निवडणुकीत हाच शब्द ऐकू येतो.

प्रतिसाद

चालेल, बोलीत तोच आहे. पण मला तो खटकतो, आणि का ते सांगतो. २००० साली फ्लोरिडात धाकटे बुश अल गोर यांच्याविरुद्ध ५३७ मतांनी जिंकले. तिसऱ्या पक्षाच्या राल्फ नेडरला तिथे ९७,४८८ मतं होती. ‘नेडरने गोर यांची मतं खाल्ली’ असं लिहिलं की ती मतं आधीपासून गोर यांच्या ताटात होती असं ठरतं. मत ज्याने दिलं त्याचं असतं. चूक असेल तर ती मोजणीच्या पद्धतीची, कारण तिने नेडरच्या मतदाराला ‘हा नसेल तर मग कोण?’ हे विचारलंच नाही. लेखात ‘मतविभाजन’ वापरा. ‘मतं खाणारा’ कुणाच्या तोंडी संवादात आला तर येऊ द्या.

आपल्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीतही निर्वाचक मंडळच असतं, पण ते हा प्रश्न विचारतं. १९६९ ची निवडणूक आठवा. गिरी आणि संजीव रेड्डी यांच्यासमोर तिसरे मोठे उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख होते. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे तेच. पहिल्या पसंतीची गिरींची मतं ४,०१,५१५, रेड्डींची ३,१३,५४८ आणि देशमुखांची १,१२,७६९. निम्म्याचा आकडा कुणालाच गाठता आला नाही. मग मागचे उमेदवार एकेक करून बाद होत गेले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. देशमुख हरले, पण त्यांना मत देणाऱ्याची मतपत्रिका तिथेच मेली नाही. दुसरी पसंती लिहिली असेल, तर ती मोजली गेली.

एकच ‘निर्वाचक मंडळ’ हा शब्द दोन्ही देशांना लावताना हा फरक झाकला जातो. म्हणून लेखात पहिल्यांदा वापराल तेव्हा ‘अमेरिकी निर्वाचक मंडळ’ असं पूर्ण लिहा.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. एक राहिलंच. लेखाच्या शेवटी मेन राज्यात २०२० पासून अध्यक्षपदासाठीही उमेदवारांना क्रम देऊन मतदान होतं, असा उल्लेख आहे. त्याला ‘श्रेणीबद्ध मतदान’ लिहिलंय मी.

प्रतिसाद

‘श्रेणी’ने परीक्षेचा निकाल आठवतो. ‘पसंतीक्रम’ लिहा. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्या कुणालाही विचारा : केंद्रावर दिलेलं जांभळं पेन घ्यायचं, नावासमोरच्या चौकोनात १ लिहायचा आणि मग हवं तर २, ३. या पद्धतीला मराठीत शब्द आधीपासून आहे आणि लोकांच्या हाताखालून गेलेला आहे.