एकटीने मूल दत्तक घ्यायचंय. सिस्टर्सकडे आता काही होतं का? (मुंबई)

बोरिवलीची_लेक
नमस्कार मंडळी. वय ३७, लग्न केलं नाही, करायचंही नाही. बँकेत नोकरी, आयसी कॉलनीत स्वतःचं वन बीएचके, सोबत आई. आम्ही मूळ वसईचे कॅथलिक. आई म्हणते, "भायखळ्याला आशादानला जा, मदर तेरेसांच्या सिस्टर्स देतील मूल." पॅरिशमधले एक काका म्हणतात, सिस्टर्सनी ते काम केव्हाच सोडलं, आणि तेही तुझ्यासारख्या एकट्या बायकांमुळे! खरं का हे? मग जायचं कुठे? आणि बाप्तिस्म्याला फादर अडवतील का? (आईचा जीव या शेवटच्या प्रश्नात अडकलाय.)

जुना_गिरगावकर
काका खरं बोलले, पण अर्धंच. २०१५ च्या ऑगस्टपासून केंद्राची नवी नियमावली लागू झाली आणि त्याच वर्षी मिशनरीज ऑफ चॅरिटीने (म्हणजे मदर तेरेसांच्या सिस्टर्सनी) दत्तक देण्याची मान्यता परत केली. एकट्या, घटस्फोटित व्यक्तीला मूल देणं आमच्या सदसद्विवेकात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मेनका गांधी तेव्हा मंत्री होत्या, त्यांनी बरीच टीका केली. पण एकट्या बाईला दत्तकाची मुभा त्याआधीही होतीच. फरक असा, की पूर्वी कोणतं मूल कोणत्या घरी द्यायचं हे संस्था ठरवायची. नंतर सगळे एकाच सरकारी पोर्टलच्या रांगेत आले आणि संस्थेच्या हातातली निवड गेली. खरं दुखणं हे होतं.

मालाडची_आई
ताई, मी एकटीनेच घेतलीये मुलगी, म्हणून सांगते. कुठल्याही संस्थेच्या दारात जाऊन मूल मिळत नाही. 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी करा, कागदपत्रं चढवा, मग सोशल वर्कर घरी येऊन गृहअभ्यास करते. आमच्याकडच्या मॅडमनी फ्रिजसुद्धा उघडून पाहिला, आणि आईला बाजूला घेऊन विचारलं, "आजी, रात्री बाळ रडलं तर उठणार कोण?" आई म्हणाली, "ही उठेल, मी चहा करीन." पसंतीत राज्यं आणि वयोगट निवडता येतात, धर्म नाही.

तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे वय. एकटीला दोन वर्षांखालचं बाळ हवं तर वय ४० पर्यंतच चालतं. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ४५. लहान बाळाला तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं असं धरूनच चला, आणि नोंदणी लांबवू नका. फोन आला की ४८ तासांत हो-नाही कळवायचं असतं, त्यामुळे ओळखीचा बालरोगतज्ज्ञ आधीच बघून ठेवा. नुसतं बोलायचं असेल तर महालक्ष्मीचं बाल आशा ट्रस्ट किंवा कांजूरमार्गचं वात्सल्य ट्रस्ट इथे आधी फोन करून जा.

पी_डिमेलो_उत्तन
सिस्टर्सना उगाच झोडपू नका. मुलाला आई आणि बाप दोन्ही हवेत ही चर्चची शिकवण आहे, आणि ती पाळून त्या बाजूला झाल्या. परवाना ठेवून नियम चुकवत बसल्या नाहीत. बॉस्टनच्या कॅथलिक चॅरिटीजने २००६ मध्ये तेच केलं. समलिंगी जोडप्यांनाही मूल द्या असा तिथला कायदा, म्हणून दत्तकाचं कामच बंद. इंग्लंडमध्ये २००७ च्या तशाच नियमांनंतर काही कॅथलिक संस्थांनी चर्चशी नातं तोडलं, काहींनी काम थांबवलं. फिलाडेल्फियाची कॅथलिक संस्था मात्र २०२१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जिंकली, पण तो खटला दत्तकाचा नव्हता, तात्पुरत्या सांभाळाचा (फॉस्टर केअर) होता.

मालाडची_आई
डिमेलोसाहेब, तत्त्व मान्य. पण अनाथालयातल्या पोराला "बाप नाही म्हणून आईही नको" हे कोण सांगणार? आणि सरकारलाही फार उदार समजू नका हं. एकट्या पुरुषाला आजही मुलगी दत्तक मिळत नाही. लग्न न झालेल्या जोडप्यांना एकत्र दत्तक घेता येत नाही, तो नियम २०२३ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टात ३ विरुद्ध २ ने टिकला.

वकील_नाही_पण
कोणी "दत्तकपत्र रजिस्टर करून टाक, माझ्या भावाने केलं" म्हटलं तर ऐकू नका. ती सोय १९५६ च्या हिंदू कायद्याखाली आहे, ख्रिश्चनांना लागू नाही. पूर्वी तुमच्या लोकांना १८९० च्या कायद्याने फक्त पालकत्व मिळायचं, मूल वारस व्हायचं नाही. आता बाल न्याय कायद्याने कुठल्याही धर्माच्या माणसाला पूर्ण दत्तक घेता येतं, आणि २०२१ च्या दुरुस्तीने आदेशाचा अधिकार कोर्टाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे दिलाय. नर्सिंग होममधून "एक बाळ आहे, बोलू का?" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. मुलाच्या खरेदी-विक्रीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

पी_डिमेलो_उत्तन
बाप्तिस्म्याचं मी सांगतो. चर्चच्या कायद्यात दत्तक मुलाची नोंद कशी करायची हे कलम ८७७ मध्ये लिहिलेलंच आहे, म्हणजे दत्तक मूल चर्चला नवीन नाही. पालकाची संमती आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी आशा, एवढं फादर बघतात. दत्तकाचा आदेश हातात आला की भेटा. कुरकुर झालीच तर दुसऱ्या पॅरिशचे फादर आहेत की.

बोरिवलीची_लेक
आभार सगळ्यांचे. आईला सगळं वाचून दाखवलं. बाप्तिस्म्याचं ऐकून निवांत झाली, पण आता विचारतेय की फ्रिज कशाला बघतात. मालाडची_आई, पसंतीत महाराष्ट्राबरोबर कुठली राज्यं टाकली होती तुम्ही?

मालाडची_आई
गुजरात आणि ओडिशा. मुलगी ओडिशाची. पहिले काही आठवडे मराठी कळायची नाही, आता मलाच सुधारते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कागदांची यादी पाठवते.