बेसवर मिनिएचरचा रोख आणि माऱ्याचा कोन कसा दाखवावा?

निळीशाई
नमस्कार. इन्फिनिटी या टेबलावरच्या युद्धखेळासाठी मी 25 मिलिमीटर व्यासाच्या गोल बेसवरच्या (पायाखालच्या चकतीवरच्या) फिगर, म्हणजे सैनिकांच्या छोट्या मूर्ती, रंगवतो. या खेळात सैनिकाला समोरच्या 180 अंशांतलेच दिसते, त्यामुळे शत्रू त्या अर्धवर्तुळाच्या आत आहे की बाहेर, यावर पुष्कळदा सगळी चाल अवलंबून असते. अडचण अशी की घडवणाऱ्याने सैनिकाचे धड एकीकडे, मान दुसरीकडे आणि बंदूक तिसरीकडेच वळवलेली असते. मग रोख कोणता धरायचा? बेसवरची फरशी आणि गवत मन लावून केलेले असल्याने त्यावर बाण रंगवण्याची इच्छा नाही. माझ्याकडे बॅटलटेक या दुसऱ्या युद्धखेळाची काही लढाऊ यंत्रेही आहेत आणि पुढे दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे घेण्याचा विचार आहे. सर्वांना चालेल अशी एकच पद्धत आहे का?

कुंचला
बेसच्या वरच्या भागाला हातच लावू नका. खुणा उभ्या कडेवर करा. कोनमापक वापरायला गेलात तर फिगरचे पाय आड येतात, म्हणून कागदाची अरुंद पट्टी कडेभोवती गुंडाळा आणि जिथे टोक मिळते तिथे ती नेमकी कापा. तुमच्या बेससाठी ती साधारण 78.5 मिलिमीटर भरेल. पट्टी निम्मी दुमडली की 180 अंशांची घडी मिळते आणि पुन्हा दुमडली की 90 अंशांची. आता पट्टीचे टोक सैनिकाच्या समोर येईल अशी ती परत गुंडाळा आणि डावी-उजवीकडच्या घड्यांपाशी टोकदार पेन्सिलने खूण करा.

मात्र त्या खुणांवर रंगाचे ठिपके देऊ नका. केंद्रापासून कड अवघ्या 12.5 मिलिमीटरवर असते. तिथे एका मिलिमीटरचा फरक पडला, तर केंद्रातून काढलेली रेषा 60 सेंटिमीटर अंतरावर जवळजवळ पाच सेंटिमीटर सरकते, म्हणजे वाद घालणारे दोन्ही खेळाडू आपापल्या परीने बरोबर ठरतात. त्याऐवजी कडेचा पुढचा अर्धा भाग एका रंगात आणि मागचा दुसऱ्या रंगात रंगवा. दोन रंग जिथे भेटतात तीच रेषा, आणि त्या रेषेला जाडी नसते. रोख ठरवताना मी बंदूक आणि मान दोन्ही सोडून देतो आणि छाती पाहतो, पण एकदा कड रंगवली की पुढे शब्द कडेचाच चालतो. फिगर कशी उभी आहे हे मग कोणी पाहू नये.

सहाबाजू
एकच पद्धत सगळीकडे चालणार नाही. बॅटलटेकचा नकाशा षट्कोनी घरांचा असल्याने तिथे षट्कोनी बेसच कोनमापकाचे काम करतो आणि समोरची एक बाजू रंगवली की पुरते. यंत्राचा रोख पायांवरून धरतात. परंतु मारा करताना त्याचे धड षट्कोनाच्या एका बाजूइतके डावीकडे किंवा उजवीकडे वळू शकते आणि तेवढ्या वेळापुरता माऱ्याचा कोनही वळतो. ही तात्पुरती गोष्ट रंगाने दाखवता येत नाही. तिच्यासाठी बेसशेजारी एक छोटी सोंगटी ठेवावी आणि फेरी संपताच ती उचलावी.

पोलादी
रणगाड्यांबाबत मला कळकळीने सांगायचे आहे, की बुरूज, म्हणजे तोफ असलेला वरचा फिरता भाग, कधीही चिकटवू नका. तळाशी लहान चुंबक बसवा, म्हणजे तो फिरेल आणि खेळताना गळूनही पडणार नाही. तोफेचा रोख बुरुजाचा असतो, पण गोळा पुढच्या चिलखतावर लागला की बाजूच्या, हे बहुतेक वेळा सांगाड्यावरून (बुरुजाखालच्या मुख्य भागावरून) ठरते, आणि हा फरक मोठा आहे: पँथर या जर्मन रणगाड्याच्या सांगाड्याची पुढची तिरपी पाटी 80 मिलिमीटर जाडीची होती, तर बाजू साधारण त्याच्या निम्म्यानेच. वॉरहॅमर 40,000 या युद्धखेळाने 2017 च्या आठव्या आवृत्तीत गाड्यांचे हे रोख काढून टाकले. खेळ सुटसुटीत झाला हे मान्य, पण शत्रूच्या बगलेला पोहोचण्यातली सगळी मेहनत त्यामुळे वाया गेली असे मला मनापासून वाटते.

निळीशाई
सर्वांचे आभार. कडेचे दोन रंग कोणते घ्यावेत? काळ्या कडेची मला फार सवय आहे.

कुंचला
मग मागची बाजू काळीच ठेवा आणि पुढची फिकट राखाडी करा. गडद हिरवा किंवा तपकिरी घेतलात, तर संध्याकाळच्या दिव्यात टेबलाच्या पलीकडून तो काळाच दिसतो.