मदत हवी आहे : जिप्सीतील खणाचा खटका घाटात आपोआप उघडतो

बालाघाटी
या पंधरवड्यात तिसऱ्यांदा गाडीतला खण चालत्या गाडीत उघडला आणि या वेळी धारूरच्या घाटात सलाइनच्या बाटल्या मागच्या फाळक्यापर्यंत घरंगळत आल्या. खटका दोनदा बदलून झाला आहे. ज्या दुकानात खण करून घेतले, तेथील कारागीर ‘रस्ताच तसा आहे’ असे म्हणून मोकळा झाला. सोमवारपासून लसीकरणाची फेरी आहे. चालत्या गाडीत उघडणार नाही आणि उभ्या गाडीत कोणाला सहज उचकटता येणार नाही, असा खटका कोणता, एवढेच सांगावे. रस्ता बदला असे कृपया कोणी सांगू नये. जनावरे वस्तीवर असतात, डांबरी रस्त्यावर नाही.

वाळूजकर
डॉक्टरसाहेब, खण ओढायचा आहे की त्याला दार आहे? प्लायचा आहे की पत्र्याचा? भरल्यावर वजन किती होते, आत्ता नेमका कोणता खटका आहे, आणि पेटी गाडीला कुठे व कशी कसली आहे? हे कळल्याशिवाय खटक्याचे नाव सांगणे म्हणजे जनावर न पाहता औषध देण्यासारखे आहे.

परळीचा पाहुणा
इतक्या चौकशीची गरज नाही. वाड्याच्या दाराला असतो तसा जाड पट्टीचा कडी-कोयंडा बसवावा आणि पितळी कुलूप लावावे. माझ्या ट्रॉलीच्या अवजारपेटीला तोच आहे आणि ती आजवर एकदाही उघडलेली नाही.

वाळूजकर
उघडणार नाही हे मान्य आहे. पण कोयंड्यात नेहमी थोडी ढील असते. तेवढ्या जागेत भरलेला खण दिवसभर पुढे-मागे आपटत राहतो, लोंबते कुलूप प्लायवर ठोके देते आणि काही महिन्यांत स्क्रूची भोके मोठी होतात. ट्रॉलीच्या पेटीचे झाकण वर उघडते, त्यामुळे सामानाचा भार कडीवर येतच नाही. ओढायच्या खणाचा भार थेट खटक्यावर येतो.

गोदाकाठ
लसीकरणाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, लाळ्या-खुरकुताची लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिली पाहिजे. प्लायच्या खणात उन्हाळ्यात ते शक्य नाही. बर्फाच्या पिशव्या आणि थर्माकोलची जाड पेटी वापरावी.

बालाघाटी
लस वेगळ्या शीतपेटीत पुढच्या सीटजवळ असते. ती मी विचारलेली नाही. खण दोन आहेत, एकावर एक, १२ मिमी प्लायचे, मागच्या बाजूला ओढायचे. प्रत्येकी साधारण ४० किलो भरतात. खटका म्हणजे कार्यालयातील टेबलाला असते तसे चावीचे कुलूप, ज्याची पट्टी फिरून अडकते. पेटी चारही कोपऱ्यांवर गाडीच्या तळाला बोल्टने घट्ट कसली आहे, त्यामुळे ती हलत नाही.

वाळूजकर
दुखणे तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. जिप्सी शिडीसारख्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, उभी आहे. एक मागचे चाक चाकोरीत उतरले की चासी पिळते, तळाचा पत्राही थोडा पिळतो आणि चार कोपऱ्यांवर जखडलेली पेटी त्याच्याबरोबर वाकडी होते. मग खणाचे चौकोनी तोंड पतंगासारखे तिरके होते आणि कुलपाची पट्टी जेमतेम अडकलेली असेल तर ती सुटते. त्यातच २० अंशांचा चढ असेल, तर ४० किलोचा खण सुमारे १४ किलोच्या जोराने मागे ओढला जातो, आणि ढील असेल तर ते नुसते ओढणे न राहता दर खड्ड्याला हातोडा मारल्यासारखे होते. टेबलाचे कुलूप चोराला थोपवण्यासाठी केलेले असते, धक्क्यासाठी नव्हे.

खात्री करायची असेल, तर सपाट जागी खण काढून त्या तोंडाचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. मग एक मागचे चाक दगडी पायरीवर चढवून पुन्हा मोजा.

पाटेवाला
कर्ण मोजत बसण्यापेक्षा मागचे पाटे मऊ करून घ्यावेत आणि टायरची हवा थोडी कमी ठेवावी. आदळआपट निम्मी होईल.

वाळूजकर
धक्का कमी होईल, पिळणे तसेच राहील. शिवाय ८० किलो औषधे आणि मऊ पाटे असतील तर गाडी मागून बसेल.

लातूरचा वकील
मागच्या सीट काढून पेटी बसवली असेल, तर नोंदणी पुस्तकातील आसनसंख्या पाहावी. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ गाडीतील बदलांविषयीच आहे.

बालाघाटी
सीट काढलेल्या नाहीत, बाजूच्या बाकड्या दुमडलेल्या आहेत. कर्ण मोजले. सपाट जागी दोन्ही सारखे आले, चाक पायरीवर असताना ६ मिमीचा फरक पडला. आणि कुलपाची पट्टी चौकटीमागे फक्त ४ मिमी शिरते. दुकानदाराला दिलेल्या शिव्यांपैकी निम्म्या परत घेतो. आता काय बसवू?

वाळूजकर
आधी पेटी तीन ठिकाणी कसा : मागे दोन, पुढे मध्यभागी एक, आणि तो पुढचा बोल्ट जाड रबरी बुशातून घ्या. तळाचा पत्रा पातळ आहे, म्हणून खालून तळहाताएवढी पट्टी द्यावी. नुसता वॉशर एखाद्या जोराच्या ब्रेकला पत्रा फाडून वर येईल. नंतर टी-हँडलचे चावीवाले कॉम्प्रेशन लॅच घ्यावे. ते फिरवल्यावर पट्टी आधी चौकटीमागे अडकते आणि मग हँडलकडे ओढली जाते, त्यामुळे खण रबरी पट्टीवर दाबून बसतो आणि ढील उरत नाही. खण रुंद असेल तर दोन्ही टोकांना एकेक लावावे. प्लायमध्ये स्क्रू नकोत. आरपार ६ मिमी बोल्ट, मागे पत्र्याची पट्टी आणि नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले, धक्क्याने सैल न होणारे) असावेत. बाहेरून गोल डोक्याचे कॅरेज बोल्ट वापरले, तर पान्याने खोलता येणार नाहीत.

परळीचा पाहुणा
एवढ्या खर्चात चार कोयंडे आले असते.

बालाघाटी
जालन्याहून लॅच आणून काल बसवले. वरचा खण घाटात जागचा हलला नाही. खालचा उघडत नाही, पण खडखडतो, आणि त्याच्या हँडलला बंद करताना काहीच जोर लागत नाही.

वाळूजकर
मग पट्टी रबराला दाबतच नाही. लॅचच्या दांड्यावरील नट फिरवून पट्टी दीड-दोन मिमी हँडलकडे घ्या. हँडल हाताने फिरावे, पण शेवटच्या पाव वळणाला अंगठ्याचा जोर लागला पाहिजे. आणि रबर खणाच्या दर्शनी फळीला चिकटवले आहे की चौकटीला, तेही पाहून सांगा.