स्ट्रायडॉर (श्वास आत घेताना घर्र आवाज) आणि १०३ ताप: घसा बघायचा की थेट मोठ्या रुग्णालयात पाठवायचं?

सोलापूर-पंढरपूरकडच्या डॉक्टरांची ही चर्चा; नावांऐवजी प्रत्येकाचा भाग किंवा गाव लिहिलंय.

सात रस्ता: दोन-तीन दिवस सर्दी, भुंकल्यासारखा खोकला. मग एका रात्रीत ताप १०३ वर, श्वास आत घेताना घर्र आवाज आणि पोर मलूल. ॲड्रेनलिनची वाफ आणि डेक्सामेथासोन ०.६ मिग्रॅ प्रतिकिलो देऊनही फरक नाही. अशा वेळी बॅक्टेरियल ट्रेकिआयटिस (श्वासनळीतला जिवाणूंचा संसर्ग) धरूनच चालावं आणि जिभेवर पट्टी दाबूच नये. पू आणि पापुद्रे स्वरयंत्राच्या खाली असतात, ते तोंडातून दिसतच नाहीत. उलट मूल रडलं की सुजलेली श्वासनळी आणखी आवळते.

भुईकोट: पटत नाही. मग घटसर्प कसा वगळणार? तो महाराष्ट्रातून गेलेला नाही. टॉन्सिलवर राखाडी पडदा, ओढला तर रक्त, मान सुजलेली, ताप मात्र बहुधा बेताचा. अँटिटॉक्सिनला (घटसर्पाचं विष मारणाऱ्या इंजेक्शनला) उशीर परवडत नाही. लसींचं कार्ड अर्धवट असेल तर घसा बघायलाच हवा.

होटगी रोड: बघा, पण आईच्या मांडीवर, टॉर्चने, मुलाने आपणहून तोंड उघडलं तरच. त्याआधी ते बसलंय कसं ते बघा. एपिग्लॉटायटिसमध्ये (स्वरयंत्रावरची झडप सुजते तेव्हा) मूल पुढे झुकतं, हनुवटी पुढे काढतं, लाळ गळते, आवाज दबका, खोकला जवळपास नाही. ट्रेकिआयटिसमध्ये आवाज बसतो, खोकला असतो, लाळ सहसा गिळता येते, आडवंही पडता येतं. आणि आपल्या घराघरांत शेंगदाणे सांडलेले असतात. ताप नाही, खाता खाता एकदम ठसका आणि एका बाजूला हवा कमी, तर दाणा अडकल्याचाच विचार आधी.

भुईकोट: ठीक. पण रक्तातला ऑक्सिजन ९६ टक्के असेल तर लगेच हलवायची घाई कशाला? सगळ्याच क्रूपला (विषाणूमुळे स्वरयंत्र सुजून येणाऱ्या भुंकल्यासारख्या खोकल्याला) सोलापूर दाखवायचं का?

सात रस्ता: त्या ९६ वर भिस्त नको. वरची वाट अरुंद होते तेव्हा ऑक्सिजन सगळ्यात शेवटी पडतो. अंगातलं काढा, गळ्याच्या खळगीत आणि बरगड्यांखाली खड्डे पडतात का बघा, श्वास पूर्ण ६० सेकंद मोजा. १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त म्हणजे जलद. घर्र आवाज कमी झाला आणि स्टेथोला हवाही कमी लागली, तर ते मूल बरं होत नाही, थकतंय! वाफेने आलेला आराम दोनेक तासांत ओसरतो, त्यावर खूश होऊन घरी पाठवू नका.

पंढरपूर: इथून सोलापूर सत्तर किलोमीटर. नुसतं 'न्या' म्हणून भागत नाही. ऑक्सिजन, सक्शन (स्राव ओढून काढायचं यंत्र), वयाच्या हिशेबापेक्षा अर्धा नंबर लहान श्वासाची ट्यूब आणि ती टाकता येणारा माणूस गाडीत हवा. घट्ट स्रावाने ट्यूबच तुंबते, म्हणून सक्शन चालू आहे का ते निघण्याआधी तपासा. स्टॅफवर (या आजारात बहुधा सापडणाऱ्या जिवाणूवर) चालणाऱ्या अँटिबायोटिकचा पहिला डोस मी इथेच देईन.

होटगी रोड: शिरेत सुई टोचून रडवणार? श्वासाची वाट ट्यूब टाकून सुरक्षित होईपर्यंत थांबा.

पंढरपूर: मूल निपचित असेल तर रडायचा प्रश्न उरत नाही. अशा मुलाला सत्तर किलोमीटर शिरेतल्या सुईशिवाय नेणं मला मान्य नाही.