‘इंग्लिश विंग्लिश’मधल्या सासूबाई म्हणजेच बेणारेबाई?

सायली_क:
रविवारी लेकीबरोबर ‘इंग्लिश विंग्लिश’ परत पाहिला. श्रीदेवीच्या सासूबाई पडद्यावर आल्या आणि माझी आई एकदम म्हणाली, “अगं, ह्या तर आमच्या बेणारेबाई!” सासूबाई झालेल्या सुलभा देशपांडे हे नाव ऐकून होते, पण त्यांनी ज्यात बेणारेबाई केल्या ते ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ नाटक काही पाहिलेलं नाही. लेकीला त्यांचं काम दाखवायचं तर सुरुवात कुठून करू? आणि एवढ्या ताकदीच्या नटीच्या वाट्याला पुढे आया-सासवाच का आल्या?

जुना_प्रेक्षक:
आई बरोबर बोलल्या. तेंडुलकरांचं हे नाटक ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने १९६७ साली केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं, म्हणजे सुलभाताईंच्या यजमानांचं. नाटक हुकलं म्हणून हळहळू नका. सत्यदेव दुबेंनी १९७१ साली त्यावर चित्रपट केला, त्यातही बेणारे त्याच.

नाटकाची संहिता मिळाली तर जरूर वाचा. सुरुवातीलाच दाराच्या कडीत बेणारेचं बोट चेमटतं. ती हसण्यावारी नेते, सगळ्यांची टर उडवत राहते. नंतर मंडळींनी गंमत म्हणून मांडलेला लुटुपुटीच्या खटल्याचा खेळ तिच्यावरच उलटतो, ती निघून जायला दाराशी धावते, तर बाहेरून कडी लागलेली! त्या मोकळ्या, खट्याळ बाईचा चेहरा मिटत जाताना बघणं सोपं नाही. (बेणारे शाळेत शिकवते, आणि सुलभाताईही दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या.)

आया-सासवांचं म्हणाल, तर नुसत्या भूमिका मोजून त्यांचा हिशेब लागायचा नाही. १९७१ मध्ये नवराबायकोनं मंडळींना घेऊन ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था काढली. १९७४ पासून छबिलदासच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं सुरू झाली. जिने चढून वर जायचं, नट हाताच्या अंतरावर, आणि उकाडा असा की विचारू नका. पोरांच्या नाटकांसाठी ‘चंद्रशाला’ चालवली, ‘राजा रानी को चाहिए पसीना’ हा बालचित्रपट दिग्दर्शित केला. प्रायोगिकवर कुणाची चूल पेटत नाही हो. सिनेमातल्या चार सीनच्या कामाला मी तरी नाक मुरडणार नाही.

विंगेतून:
नाक मुरडू नका, पण हिंदीवाल्यांनी त्यांना नीट वापरलं नाही हे तरी म्हणाल की नाही? बेणारे केलेल्या बाईला ‘पोहे खाऊन जा’ छापाची वाक्यं! ‘भूमिका’, ‘गमन’सारखे अपवाद सोडा.

जुना_प्रेक्षक:
@विंगेतून, हिंदीपुरतं मान्य. पण मराठीत ‘चौकट राजा’ विसरलात? १९९१ चा. दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेल्या गतिमंद नंदूची आई. आईचीच भूमिका, पण आपल्यामागे ह्या पोराचं कसं होणार ही धास्ती त्यांच्या साध्या वावरण्यात दिसते, संवादाची वाट बघत नाही. सायलीताई, तिथूनच सुरुवात करा. ‘शांतता’ जरा थांबून. लेक केवढी आहे?

सायली_क:
अकरावीत आहे, काका. मग आधी ‘चौकट राजा’च. आई म्हणतेय, ‘शांतता’ लावाल तेव्हा मला उठवा, मी झोपले असले तरी.

विंगेतून:
आईंना विचारा ना, नाटक कुठल्या थिएटरला पाहिलं होतं? आणि तिकीट जपून ठेवलं असेल तर फोटो टाका!