‘गरिबीची वकिली’ नेमकी कोण करतंय? (ॲडव्होकसीला मराठी शब्द हवाय)

नेरूळवाली
मंडळी, अडलेय. एका संस्थेसाठी पुस्तिका मराठीत करतेय. विषय असा: श्रीमंत देश गरीब देशांना देतात ती मदत, आणि ती वाढावी म्हणून तिथल्या लोकांनी आपापल्या सरकारांमागे लावलेला धोशा. या धोशाला मुळात सगळीकडे ‘ॲडव्होकसी’ म्हटलंय. ३१ वेळा, मोजलं मी. सरळ ‘वकिली’ लिहून टाकलं आणि पहिल्या प्रकरणाचं शीर्षक झालं ‘जागतिक गरिबीची वकिली’. सासऱ्यांना वाचायला दिलं. ते कोर्टात शिरस्तेदार होते. चष्मा काढून म्हणाले, “गरिबी राहू दे म्हणून कोण भांडतंय गं? आणि वकिलीला सनद लागते, ती काढलीय का ह्यांनी?” तेव्हापासून हात थांबलाय. ‘गरिबीविरुद्ध वकिली’ म्हटलं तर गरिबीवर खटला भरल्यासारखं वाटतं. शुक्रवारी छापायला द्यायचंय.

कोर्टनाका
सासरेबुवांशी सहमत. वकील पक्षकाराचा असतो आणि पक्षकार वकीलपत्रावर सही करतो. मलावीतल्या बाईने लंडनच्या माणसाला वकीलपत्र कधी दिलं? अरबीत वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपवलं तो. पेशवाईतला वकील तर दुसऱ्याच्या दरबारात बसलेला आपला माणूस, त्याचा कोर्टाशी काही संबंध नाही. पण सोपवणं दोन्हीकडे आहेच. ‘पैरवी’ घ्या.

शुद्धलेखनी
पैरवी हिंदी आहे. बातम्यांमधून आधीच पुरेसं हिंदी आत आलंय. आपला ‘कैवार’ असताना उसनवारी कशाला? गरिबांचा कैवार. ‘गरिबी’च्या जागी ‘गरीब’ आले की ताईंची अडचण संपली.

कोर्टनाका
पैरवी हिंदी नाही, फारसी. पै म्हणजे पाय, रवी म्हणजे चालणं. कुणाच्या तरी पावलामागून जाणं. आणि ‘उसनवारी’ नको म्हणता, पण त्याच वाक्यात ‘बातम्या’ आणि ‘हिंदी’ आहेत. ते कुठून आले तेही बघा.

चरईकर
पावलामागून जाणं? अहो मग हा आपला ‘पाठपुरावा’च झाला! पाठ पुरवणे म्हणजे पिच्छा न सोडणे. निम्म्या लोकांना त्यात ‘पुरावा’ दिसतो. आमच्या कचेरीत एका साहेबांनी फायलीवर शेरा मारला होता, “पाठ मिळाली, पुरावा जोडावा.” ती फाईल मी निवृत्त होईपर्यंत तिथंच होती.
कैवारबद्दल माझं एक मत आहे. कै म्हणजे कोणाचा तरी, आणि वार. दुसऱ्यावरचा वार आपल्या अंगावर घेणं.

कोर्टनाका
काका, ही व्युत्पत्ती तलावपाळीवर फिरता फिरता सुचलेली दिसते.

चरईकर
हो. पण चुकीची आहे हे सिद्ध करून दाखवा.

वाडीवरची
मी शहापूर-मुरबाडकडच्या वाड्यांवर काम करते. राहते कळव्याला. आमच्या अहवालात ‘जनवकिली’ लिहितात आणि मिटिंगमध्ये सगळे ‘ॲडव्होकसी’ म्हणतात. वाडीवर जनवकिली म्हटलं की बाया विचारतात, कोणता वकील आलाय? त्या स्वतः म्हणतात ‘मागं लागलो’. “रेशनच्या मागं लागलो तवा मिळालं.”
ताई, एखादं वाक्य टाका ना. कोण कोणाच्या मागे लागलंय ते कळल्याशिवाय शब्द कसा सुचणार?

नेरूळवाली
बरं. एक उदाहरण असं. १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला की श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के इतकी विकास-मदत द्यावी. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क अशा मोजक्यांनी गाठलं, बाकीचे आज देतो उद्या देतो. ब्रिटनमधल्या संस्थांनी वर्षानुवर्षं लावून धरलं आणि २०१५ मध्ये ०.७ चा कायदाच झाला. २०२१ मध्ये सरकारने तो आकडा ०.५ वर आणला.
दुसरं कर्जाचं. मे १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला जी-८ ची, म्हणजे आठ बड्या देशांच्या गटाची, बैठक होती, तेव्हा गरीब देशांची कर्जं रद्द करा म्हणत सुमारे ७०,००० माणसांनी मानवी साखळी केली. चळवळीचं नाव ‘ज्युबिली २०००’. इथंही अडलंय. सुवर्णमहोत्सव लिहू?

वसई ते वाशी
अगं नको! लोकांना वाटेल शाळेचं स्नेहसंमेलन आहे. माझं माहेर वसईचं. घरात ज्युबिलीच म्हणतो, पण मराठी बायबलात ‘योबेल’ आहे. लेवीयच्या पुस्तकात येतं: पन्नासावं वर्ष, गुलाम सुटतात, अडचणीत विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जाते. योबेल म्हणजे मुळात मेंढ्याचं शिंग, ते फुंकून वर्षाची द्वाही फिरायची. चळवळवाल्यांनी नाव तिथूनच उचललंय.

चरईकर
आपल्याकडे ‘दामदुपट’ होतं. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही, सावकार कितीही ओरडो.

कोर्टनाका
आणि मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या कोर्टांनीही ते मानलं. बारीक अट अशी की एका वेळी वसूल करायचं थकलेलं व्याज मुद्दलाहून जास्त नको. मधल्या काळात चुकतं केलेलं व्याज त्यात धरत नाहीत. म्हणून काका म्हणतात तितकं ते ऋणकोच्या सोयीचं नव्हतं. पण शब्द झकास. ताई, तळटीप टाकाच.

नेरूळवाली
तळटीप टाकते, पण ॲडव्होकसीचं काय? आणि हे कर्ज ‘माफ’ करायचं की ‘रद्द’?

शुद्धलेखनी
माफी अरबी, रद्दही अरबी. ‘ऋणमुक्ती’.

कोर्टनाका
आणि कर्ज? तेही अरबीच आहे, म्हणून फेडायचं नाही का?

वाडीवरची
यात भाषेपलीकडचं काही आहे. माफी चूक केलेल्याला मिळते. आपल्याकडेही शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणारे म्हणत आले, आम्ही गुन्हा केला नाही, माफी कसली? २०१७ च्या योजनेच्या नावात ‘सन्मान’ आला आणि २०१९ च्या योजनेच्या नावात सरळ ‘कर्जमुक्ती’. लोक मात्र अजून कर्जमाफीच म्हणतात. म्हणून पुस्तिकेत ‘रद्द’ लिहा. २००५ मध्ये ग्लेनईगल्सच्या बैठकीत जी-८ ने ज्या देशांची जागतिक बँकेकडची आणि नाणेनिधीकडची कर्जं सोडायचं ठरवलं, त्यांच्यावर उपकार केले असं तरी वाचणाऱ्याला वाटणार नाही.

आणखी एक, ‘खावटी’. पावसाळ्यात वाडीवर काम नसतं, घरात दाणा नसतो, तेव्हा आदिवासी विकास महामंडळाकडून मिळायचं ते ‘खावटी कर्ज’. कोविडच्या वर्षी, २०२० मध्ये, त्याचं ‘खावटी अनुदान’ झालं. कुटुंबामागे ४,००० रुपये, निम्मे रोख, निम्म्याचा किराणा. बाया दोन्हीला खावटीच म्हणतात, कारण पोटात जातं ते सारखंच. परतफेडीचा प्रश्न मागाहून येतो. परदेशी मदतीचं तरी काय वेगळं? श्रीमंत देश ‘मदत’ म्हणून जो आकडा दाखवतात त्यात सवलतीच्या व्याजाची कर्जंही धरलेली असतात. २०१८ पासून अख्खं कर्ज न मोजता त्यातला सवलतीचा हिस्साच धरतात, एवढाच फरक.

घणसोली
व्वा. म्हणजे बँकेने मला घराचं कर्ज अर्धा टक्का स्वस्त दिलं तर तीही मदत.

चरईकर
मदतीवरून आठवलं. मी बहात्तरच्या दुष्काळातला. दुष्काळी कामावर आई खडी फोडायची. तिथं सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो, अमेरिकेची लाल ज्वारी. भाकरी थापली की चिरायची आणि गार झाली की दाताला दाद द्यायची नाही. आजी तिला ‘मिळो’च म्हणायची. मिळो बाबा एकदाची. मला बरीच वर्षं हाच खरा शब्द वाटायचा. अमेरिकेने फुकट दिलेलं म्हणून आम्ही नावं ठेवत खायचो.

घणसोली
काका, फुकट नक्की? १९७१ च्या युद्धाच्या वेळीच अमेरिकेने आपली मदत रोखली होती. मग बहात्तरची मिलो मदत कशी?
आणि त्याआधी अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली आलेला गहूही फुकट नव्हता. १९५४ च्या त्या कायद्याच्या नावातच आधी ‘शेतमाल व्यापार’ येतो आणि ‘साहाय्य’ मागून. आपण रुपयांत पैसे मोजत होतो. अमेरिकेचे इतके रुपये इथं साठले की १९७४ मध्ये त्यांच्या राजदूताने, मॉयनिहन यांनी, १,६६४ कोटी रुपयांचा एक धनादेश भारत सरकारला परत दिला. त्याआधी १९५१ मध्ये आला तो गहू तर चक्क कर्जावर, १९ कोटी डॉलरच्या. आता सांगा, यातली मदत कोणती आणि उधारी कोणती?

चरईकर
आम्हाला कोणी बिल दाखवलं नाही. नाहीतर चिरलेली भाकरी परत केली असती.

वसई ते वाशी
त्याच गव्हातून गाजरगवत आलं ना? काँग्रेस गवत?

घणसोली
सगळे तसंच सांगतात. पण ते पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास नोंदलं गेलं आणि पीएल-४८० चा आपला करार ऑगस्ट १९५६ चा. गवत गव्हाच्या आधी कसं पोचलं, ते बघा. आमच्या बिल्डिंगमागे सिडकोच्या मोकळ्या प्लॉटवर आत्ता कमरेएवढं वाढलंय.

शुद्धलेखनी
काँग्रेस नाव पडलं ते पांढऱ्या फुलांमुळे, गांधीटोप्यांसारखी दिसतात म्हणून.
आणि वर ‘साहाय्य’ बरोबर लिहिल्याबद्दल घणसोलींचे आभार. सहाय म्हणजे मदत करणारा, त्याचा भाव तो साहाय्य. अर्ध्या महाराष्ट्रातल्या पाट्यांवर ‘सहाय्य’ आहे.

कोर्टनाका
अर्ध्या महाराष्ट्रात तसं लिहीत असतील तर तो महाराष्ट्राचा शब्द झाला. महापौर, दिनांक हे सावरकरांनी दिले आणि चालले, कारण लोकांनी चालवले. त्यांचे किती शब्द कोशातच राहिले तेही मोजा.

शुद्धलेखनी
चूक लाख जणांनी केली तरी ती चूकच.

कोर्टनाका
मग ‘गरीब’ टाकून द्या. अरबीत गरीब म्हणजे परका, परदेशी, अनोळखी गावात आलेला. आपल्याकडे येईपर्यंत पैसे नसलेला झाला, आणि पुढे मवाळही झाला. गरीब स्वभावाचा, गरीब गाय. शुद्धच बोलायचं तर ‘गरिबांना परकीय मदत’ म्हणजे परक्यांना परक्यांची मदत.

वसई ते वाशी
हे भारी आहे. आमच्या सोसायटीत गरीब म्हणजे जो मीटिंगला गप्प बसतो तो.

वाडीवरची
गरीब, गरिबी, दारिद्र्य यातही फरक आहे. रेषा दारिद्र्याची असते, ‘गरिबीरेषा’ कोणी म्हणत नाही. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये ती रेषा दिवसाला २.१५ वरून ३ डॉलरवर नेली. वाडीवर ती रंगाने ओळखतात, पिवळं कार्ड आहे का?
ताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. इंग्रजीत ॲडव्होकसीला विषय पुरतो: गरिबीची, पाण्याची, कर्जाची. मराठीत आपण कोणाच्या दारात उभे आहोत ते सांगावं लागतं. पाठपुरावा कोणाकडे? सरकारकडे. रदबदली कोणाकडे? साहेबांकडे. म्हणून ३१ ठिकाणी एकच शब्द बसवू नका. ०.७ टक्क्यांचा पाठपुरावा. बर्मिंगहॅमच्या साखळीला सरळ ‘मागणी’ म्हणा. मंत्र्यांना आतून भेटणाऱ्यांची ती रदबदली.

कोर्टनाका
रदबदलीला माझा जोरदार पाठिंबा. जुन्या कागदांत सापडतो. अपराध्यासाठी, कैद्यासाठी शब्द टाकणं.

शुद्धलेखनी
तोही अरबी. आणि त्यात कृपा मागणं आहे, हक्क नाही. आत्ताच माफी नको म्हणालात ना?

वाडीवरची
हो, खरंय. तो मागे घेते.

घणसोली
मागे लागून तरी काय? १९६१ मध्ये सुरू झालेली यूएसएड, म्हणजे परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था, २०२५ मध्ये गुंडाळली. ब्रिटनने तर २०२५ मध्येच मदत ०.३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलंय. ताई, पुस्तिका छापून येईपर्यंत त्यातले आकडे तेवढे तपासा.

नेरूळवाली
गुरुवार रात्र. ‘कैवार’ दोन ठिकाणी ठेवला, ‘पाठपुरावा’ १४ ठिकाणी, बाकी जिथं तिथं वाक्यच फिरवलं. पहिल्या प्रकरणाला ‘सरकारच्या मागे लागताना’ केलं. सासऱ्यांनी वाचलं आणि म्हणाले, “हे बरंय. पण सरकार कोणतं, आपलं की त्यांचं?” त्यावर मी दिवा मालवला.
‘बांधील मदत’ हा शब्द मात्र राहिलाच. पैसे देणारा देश अट घालतो की माल आमच्याकडूनच घ्या, ती. कोणाला सुचतंय का? सकाळी दहापर्यंत.

वसई ते वाशी
चरईकर काका, सुकडी नक्की कशाची असायची? आमच्याकडे शाळेत मिळायची ती गोड होती.

चरईकर
आमचीही गोडच. पण गुळाची की साखरेची यावर आमच्या दोघा भावांचं अजून जमत नाही. तो म्हणतो साखर. तो धाकटा, त्याला काय आठवणार.