मदत हवी आहे: तासगावकडची जुनी माहिती कुठल्या वाचनालयात शोधू?

नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव तासगाव तालुक्यात. पणजोबा 1942 च्या तासगावच्या मोर्चात होते असं घरात सगळेच सांगतात, पण कागद म्हणाल तर एकही नाही. त्या काळची स्थानिक वर्तमानपत्रं, कुलवृत्तांत, शाळांच्या स्मरणिका असं काही चाळायचंय. (स्मरणिकांत जुने फोटो आणि खाली नावं असतात, म्हणून माझा भर त्यांच्यावर जास्त.)

घोळ असा, की तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यात. दक्षिण सातारा वेगळा झाला 1949 मध्ये आणि त्याचं नाव सांगली झालं 1960 मध्ये. मग आधी सातारच्या नगर वाचनालयात जावं की सांगलीच्या? सांगलीतला जुना संग्रह 2019 च्या पुरातून कितपत वाचलाय, अलीकडे कुणी पाहिलंय का? संदर्भ विभागात बसायला सभासद व्हावं लागतं का? मोबाईलने फोटो काढू देतात का?

शिवाय मोडीतली एक पावती आहे, घडीवर फाटलेली. वरचा शिक्का तेवढा ओळखू येतो. मोडी वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर कृपया कळवा.